तिसरं ताट

अहो,

परवा वाचनालयाच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. निम्म्या खुर्च्या भरल्या होत्या. तुम्ही असता तर विंगेतून डोकावून म्हणाला असता, "लय झाली गर्दी, बाई. पडदा उघडायला हरकत नाय." तुमच्या नाट्यमंडळाचे बापू बोलले, नगरपालिकेतले दोघे जुने सहकारी बोलले, आणि तुम्हाला फक्त टीव्हीवरच पाहिलेला एक तरुण बोलला. सगळ्यांनी हवालदाराचंच सांगितलं. हवालदार करावा तर दामूअण्णांनी, असं म्हणून त्या तरुणाने टोपी काढून मनगटाने कपाळ पुसायची तुमची लकब करून दाखवली, तेव्हा लोक हसले. शोकसभेत हशा पिकला. तुम्हाला ते आवडलं असतं.

शेवटी बापू माइक घेऊन माझ्यापाशी आले. "वहिनी, दोन शब्द बोला." मी उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले. एवढी वर्षं वर्गापुढे घसा कोरडा करणारी मी, पण त्या माइकपुढे एक शब्द फुटला नाही. मग रिक्षाने घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला, आणि बोलावंसं वाटायला लागलं. ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

हवालदाराचं मी काही लिहिणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही आग्रा रोडच्या जकात नाक्यावर कारकून होता आणि मी पंचवटीत नगरपालिकेच्या शाळेत नुकतीच लागले होते. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत आपल्या दोन खोल्या. तुम्ही नाक्यावरून यायचात ते एकटे कधी यायचा नाहीत. दिवसभरात तुमच्या खिडकीशी जो जो थांबला असेल तो तो तुमच्याबरोबर घरी यायचा. हात जोडून गयावया करणारा पंजाबी ड्रायव्हर, कांद्याच्या गोणीवर बसून झोपणारा क्लीनर, बोलण्याआधी कान खाजवणारा तुमचा साहेब. मीना बोलायला लागल्यापासून तर तुम्हाला हातपाय धुवायचीही सवड मिळत नसे. "बाबा, साहेब करा, साहेब करा," म्हणून ती पायाला मिठी मारायची. हसता हसता तिला ठसका लागायचा, मी पाठीवर थोपटायची आणि तुमच्यावर ओरडायची, की जेवताना नको म्हणून सांगितलंय ना.

तिशीच्या आतच तुमचे केस मागे हटत हटत टाळूपर्यंत गेले, आणि नाट्यमंडळात म्हाताऱ्यांची कामं आपसूक तुमच्याकडे आली. एका स्पर्धेत तुम्ही आंधळा म्हातारा केलात. तो पाहून मुंबईच्या टीव्हीचे कुणी साहेब आत भेटायला आले आणि मेकअप उतरलेले तुम्ही दिसल्यावर त्यांनी विचारलं, "ते आजोबा कुठे गेले?" ही गोष्ट तुम्ही शंभरदा सांगितली असेल. पण त्या पहिल्या दिवशी सांगितलीत तशी पुन्हा कधी सांगता आली नाही तुम्हाला. तेव्हा तुमचा आवाज कापत होता.

मग रजा काढून मुंबईला जाणं सुरू झालं. नाशकात तेव्हा टीव्ही नव्हता. म्हणजे कुणी हौसेने आणला असता तरी त्यात दिसलं काहीच नसतं. तुम्ही म्हणालात, "बाई, तिथं मी बोलतो आन् सगळी मुंबई ऐकती."

मी म्हटलं, "आणि नाशिक?"

"नाशिकला डोंगर आडवा येतो."

म्हणून तुमची कामं मी आणि मीनाने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पाहिली. मुंबईहून आलात की तुम्ही सगळं नाटक करून दाखवायचात, स्वतःचंही आणि इतरांचंही. तुमचं स्वतःचं काम मात्र फार थोडं असायचं. चहा आणून ठेवणारा गडी. पाकीट देऊन जाणारा पोस्टमन. "डॉक्टर आत्ताच बाहेर गेलेत" म्हणणारा कंपाउंडर. एकदा तुम्ही धीर करून विचारलंत, की घरमालकाचं काम आपण करून बघू का. "नाही हो पगारे," ते साहेब म्हणाले, "तुमचा चेहरा मालकाचा वाटत नाही." हेसुद्धा तुम्ही त्यांची नक्कल करून, हसत हसत सांगितलंत. मीना हसली. मला हसू आलं नाही. त्या चेहऱ्यात काय कमी आहे ते त्यांनी सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही, आणि आपल्या दोघांना ते ठाऊक होतं.

आता पुढचं.

मीना गेली ती साध्या तापाने. निदान साधा वाटला होता. दुसरीत होती. थंडीचे दिवस होते, डॉक्टर म्हणाले गारठा लागला असेल, आणि मग एकाएकी ताप डोक्यात गेला म्हणाले. त्याविषयी मला अजूनही लिहिता येत नाही. तुम्ही तिला पोचवून आलात. भन्तेजी आले, वंदना झाली, बायका बसून राहिल्या, आणि गल्लीतल्या घरांमधून पिठलं-भाकरी येत राहिली. मग एक दिवस ती यायची थांबली. थांबणारच. लोकांनाही त्यांची घरं असतात.

त्या दिवशी मी पुन्हा स्टोव्ह पेटवला. वरणभात केला. पाट मांडले, पाणी ठेवलं, ताटं वाढली आणि तुम्हाला हाक मारली. तुम्ही येऊन बसलात. मी वरणाचं भांडं घेऊन वळले तेव्हा मला दिसलं, की मी तीन ताटं वाढली आहेत. तिसऱ्यात भाताची छोटी मूद होती, वर तुपाचा थेंब, आणि लोणचं नव्हतं, कारण तिला तिखट चालत नसे.

मी भांडं हातात धरून उभीच राहिले. ते ताट उचलायचं कसं, ठेवायचं कुठे, भात परत पातेल्यात टाकायचा का, काही कळेना. तुम्ही माझ्याकडे वर पाहिलं नाहीत. हात लांब करून ते ताट आपल्याकडे ओढलंत. आधी त्यातला भात खाल्लात, सावकाश, शीत न् शीत. मग आपल्या ताटातला खाल्लात. जसं काही रोज दोन ताटं जेवायची तुमची रीतच होती. जेवण झाल्यावर दोन्ही ताटं तुम्हीच मोरीत नेऊन घासलीत. आपण त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

त्या एका गोष्टीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहिले असते. राहिलेही आहे. पण ते सरळ राहिलं नाही.

थोड्याच महिन्यांत तुम्ही नाक्याचा राजीनामा दिलात. तुम्हाला घरात राहवत नव्हतं आणि मला घराबाहेर राहवत नव्हतं. तुम्ही मुंबईत एका मित्राच्या खोलीवर राहायला लागलात, मी पंचवटीत राहिले. शाळेतून आले की भाजीबाजारातून एका माणसापुरती भाजी घ्यायची. भाजीवालीला मी पावशेर मागितलं की ती पावशेरावर चार भेंड्या जास्त टाकायची. का टाकायची ते मी विचारलं नाही. शनिवारी रात्री नाहीतर रविवारी सकाळी तुम्ही यायचात. पण उंबऱ्यात नाटक करून दाखवणं बंद झालं होतं. काम मिळालं की कार्ड टाकायचात: अमुक दिवशी अमुक नाटक आहे, गडी आहे. तमुक दिवशी आहे, शिपाई आहे.

एक दिवस शाळेत शिक्षकांच्या खोलीत शेखबाई मुंबईचं वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. त्या एकदम ओरडल्या, "अहो पगारेबाई, हे तुमचेच का?" त्या दिवशीच्या टीव्हीच्या कार्यक्रमांत नाटकाचं नाव होतं आणि खाली भूमिका करणाऱ्यांची नावं. तिसरं नाव तुमचं. आजवर तुमचं नाव कधी छापून आलं नव्हतं. आणि तुम्ही मला कळवलंही नव्हतं. मला वाटलं, गंमत करायची असेल तुम्हाला.

शेखबाई म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर घोटीला. रशीदच्या गिरणीवर टीव्ही आहे."

त्यांच्या भावाची घोटीला भाताची गिरणी होती. घोटी उंचावर, घाटाला लागून, म्हणून गिरणीच्या पत्र्यावर लांबलचक बांबू उभारून त्याला अँटेना बांधली, की मुंबईचं चित्र कसंबसं यायचं. मी घरी जाऊन बरी साडी नेसले. घोटीच्या माणसांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून चिवडा घेतला. एसटीत मला खिडकी मिळाली होती. मीना गेल्यानंतर पहिल्यांदाच मला बाहेरचं काही बघावंसं वाटत होतं. शेखबाईंना मी सांगत होते, की यांचं काम अगदी थोडं असतं बरं का, नीट बघा, नाहीतर निघून जाईल.

रशीदभाईंच्या घरात पुढच्या खोलीत सतरंजी घातली होती. मला पुढे बसवलं. "ॲक्टर की बीवी है," म्हणून त्यांच्या आईने माझ्या पाठीखाली तक्क्या सरकवला. शेजारपाजारची माणसं दारापर्यंत दाटली होती. वर पत्र्यावर गिरणीतला एक माणूस अँटेना फिरवत होता आणि खालून रशीदभाई ओरडत होते, "आलं, आलं... गेलं! थोडं मागं घे!" पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग मुंग्यांमधून एक माणूस दिसायला लागला. टकला, वाकलेला. ते तुम्ही होता.

तुम्ही गडी नव्हता. शिपाई नव्हता. त्या नाटकातला बापच तुम्ही होता. कामगाराचं घर होतं, मूल दगावलेलं होतं, आणि तुम्ही जवळजवळ काहीच बोलत नव्हता. मला काय होतंय ते कळायच्या आत पडद्यावर एक बाई पाठमोरी आली आणि तिने ताटं मांडली. एक. दोन. तीन.

मग तुम्ही हात लांब केलात.

तसाच. तसाच सावकाश खाल्लात, तसंच खाली बघून. खोलीत कुणी हलत नव्हतं. रशीदभाईंच्या आईने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "बेचारी से भूल हो गई." दारातल्या बायका हुंदके द्यायला लागल्या. ज्याने दिवसभर भाताची पोती वाहिली असतील असा एक दांडगा माणूस पालथ्या मुठीने डोळे पुसत होता. माझ्या शेजारी शेखबाई रडत होत्या. त्यांना मीना ठाऊक होती, पण ताट ठाऊक नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळी खोली माझ्या भाताच्या मुदीवर रडत होती, आणि ही माझी आहे असं मला म्हणता येत नव्हतं. इतकं एकटं मला मीना गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही शेजारी तरी होता.

नाटक संपल्यावर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. रशीदभाई म्हणाले, "भाभी, क्या काम किया है साहब ने!" मी हसले. चिवडा वाटला.

तुम्ही रविवारी आलात. हातात केळी होती. मी थांबले नाही.

"घोटीला गेले होते मी."

चपला काढता काढता तुम्ही थांबलात. "कशाला?"

"नाटक बघायला. तुमचं."

तुम्ही केळी कट्ट्यावर ठेवलीत. "मी कळवलं नव्हतं तुला."

"तेच विचारते. का नाही कळवलं?"

तुम्ही केळ्यांचा घड सरळ करत राहिलात.

"ते ताट मी वाढलं होतं," मी म्हटलं.

"खाल्लं मी होतं, शालू."

एरवी तुम्ही मला थट्टेने 'बाई'च म्हणायचा. शालू म्हणालात म्हणजे थट्टा संपली.

"मीना दोघांची होती," मी म्हटलं. "चूक माझी एकटीची होती. ती तुम्ही नेऊन चारचौघांत मांडलीत."

"लोकं रडली, शालू. टीव्हीच्या हापिसात लोकांची पत्रं आली."

"लोकांना रडवायला दुसरं काही मिळालं नाही?"

"दुसरं काय होतं माझ्याकडं?"

हे तुम्ही इतक्या हळू म्हणालात, की मी तिथेच थांबायला हवं होतं असं आता कुणीही म्हणेल. पण मी थांबण्यासारखी नव्हते, आणि मला अजून वाटतं, की माझं सगळंच काही चूक नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, "तुझा चेहरा नाय दाखवू दिला मी. डायरेक्टर म्हणत होता बाईचा चेहरा पाहिजेच. भांडलो मी त्याच्याशी. म्हटलं, ती पाठमोरी राहील, नायतर मी करत नाय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

तुम्ही मोरीत जाऊन पाय धुतलेत आणि पुष्कळ वेळ धूत राहिलात.

ते भांडण तिथेच राहिलं. मिटलं नाही आणि पुन्हा उकरलंही गेलं नाही. तुम्ही येत राहिलात, जात राहिलात. दुखलं-खुपलं विचारत राहिलात, माझ्या बदलीच्या वेळी धावपळ केलीत, माझ्या आईच्या आजारपणात रात्री जागवल्यात. वाईट नवरा होतात असं मी कुणाला म्हणू देणार नाही. पण मीनाचं नाव घरातून गेलं. आधी आपण ते जपून घेत होतो, मग दुसरा दुखावेल म्हणून घेईनासे झालो, आणि मग कुणी काही विचारलं तर पटकन दुसरं बोलायची सवय झाली.

त्या नाटकानंतर तुम्हाला मोठं काम मिळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मिळालं नाही. पुन्हा गडी, पुन्हा कंपाउंडर, आणि मग हवालदार. हवालदार एकदा चांगला वठला, तर सगळ्यांना तुम्ही हवालदारच दिसायला लागलात. मग नाशकातही टीव्ही आला. भाजीबाजारातल्या लोकांनी तुम्हाला पाहिलं आणि तुम्ही आलात की आरोळ्या सुरू झाल्या, "ओ हवालदार, आमची गाडी सोडा!" तुम्ही लगेच छाती काढून, ओठ आवळून, डावी भुवई वर चढवून त्यांना दम भरायचात. मी पिशवी घेऊन बाजूला उभी राहायची. तुमची मजा बघायची. तुम्ही खूश दिसायचात, आणि गर्दी पांगली की एकदम दमलेले दिसायचात.

इंदिरानगरला आपण घर घेतलं तेव्हा आजूबाजूला काळी माती, बाभळी आणि अर्ध्या भिंतींचे बंगले होते. तुम्हाला मुंबईची कामं कमी झाली होती. आता मालिका दिल्लीहून यायला लागल्या होत्या, हिंदी, त्यात नाशिकचा हवालदार कुठे बसणार? दम्याने छातीही भरायची. तुम्ही घरी आलात ते कायमचेच. नवरा-बायको म्हणून सलग असे आपण तेव्हाच पहिल्यांदा राहिलो. सकाळी तुम्ही चहा करायचात. मी शाळेतून येईपर्यंत तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बांधकामावरची माणसं बघत बसायचात. पण संध्याकाळी ती माणसं मला करून दाखवायचा नाहीत. मी मागितलंही नाही.

एक दिवस निवडायला गवार घेऊन बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "ते नाटक पुन्हा कधी दाखवतील का हो?"

कुठलं, असं तुम्ही विचारलं नाहीत. "नाय दाखवायचे," म्हणालात. "पुसलं ते."

"म्हणजे?"

"टेपा महाग असत्यात, बाई. एकदा दाखवलं की पुसत्यात, त्याच टेपेवर दुसरं घेत्यात. त्याच्यावर आता भातावरच्या करप्याचा कार्यक्रम हाय. शेतकऱ्यांसाठी."

मला हसू यायला लागलं. तुम्हालाही आलं. भातावरचा करपा! आपण दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"गेलो होतो विचारायला."

"कधी?"

"झाली की लय वर्षं."

"कशाला गेला होता?"

तुम्ही एक गवारीची शेंग उचललीत, शिरा काढल्यात, मोडून ताटलीत टाकलीत. मग दुसरी घेतलीत. सगळी गवार तुम्हीच निवडून संपवलीत. पुन्हा एकदा बघावं म्हणून गेला होतात, की ते नष्ट करा असं माझ्या वतीने सांगायला गेला होतात? दोन्ही तुमच्या स्वभावात बसतं. आता ते मला कळायचा मार्ग नाही.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुमचा श्वास पुरत नव्हता, म्हणून बोलायला डॉक्टरांनी मनाई केली होती. तरी एका दुपारी तुम्ही माझं मनगट धरलंत.

"शालू, खरं सांग. लय चुकलं का माझं?"

कशाचं, हे मीही विचारलं नाही. मी म्हटलं, "आता बोलू नका. बरे व्हा, मग सांगते." तुम्ही मान हलवलीत. मग तुमच्या चेहऱ्यावर तो हवालदाराचा आव आला, दम देणारा, आणि तुम्ही बोट उगारून म्हणालात, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरून पेज घेऊन आले तेव्हा तुमची कॉट रिकामी करत होते.

उत्तर माझ्याकडे तयार होतं अशातला भाग नाही. तुम्ही बरे झाला असता तरी मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. शोकसभेला त्या माइकपुढे उभी असताना मला तेच वाटत होतं, की आता विचारणारा राहिला नाही आणि उत्तर तेवढं माझ्या गळ्यात. आणि दुसरं एक ध्यानात आलं. तुम्ही होता तोवर मीनाला ओळखणारी आपण दोन माणसं होतो. नाव घेत नव्हतो, तरी होतो. जेवताना एखाद्या वेळी दोघंही एकदम गप्प व्हायचो आणि दोघांनाही कळायचं. आता मी गप्प झाले तर ते फक्त गप्प होणं असतं.

काल संध्याकाळी समोरच्या बंगल्यातली सुनंदा डबा घेऊन आली. ती नवी सून, तुम्हाला टीव्हीवर पाहिलेली. तुम्ही रस्त्याने दिसलात की पदर सावरून हसायची ती. तुम्ही गेल्यापासून एक दिवसाआड डबा आणते. डबा ठेवून ती जात नाही, बसते. काल बसली आणि चाचरत म्हणाली, "काकू, विचारू का? तुम्हाला मूलबाळ नव्हतंच का?"

या कॉलनीत आपल्याला हे पुष्कळांनी विचारलं. आपण दोघं एकाच आवाजात "नाही" म्हणायचो. न ठरवता ठरलेलं होतं ते.

"होती," मी म्हटलं. "मुलगी होती. मीना."

नाव उच्चारल्यावर मीच दचकले. सुनंदा जवळ सरकली. मग मी तिला सगळं सांगितलं. पंचवटीची खोली, ताप, शेजारच्यांची पिठलं-भाकरी, आणि मी वाढलेली तीन ताटं. तुम्ही कसे बसला होता ते तिला कळेना, म्हणून मी खाली फरशीवर बसून दाखवलं. हात असा लांब केला, ताट असं ओढलं, मान अशी खाली. सुनंदा रडायला लागली. नात्याची ना गोत्याची, कालपरवा या गावात आलेली पोर माझ्या ताटावर रडत होती, आणि मी तिच्यासमोर तुमच्यासारखी बसले होते. मला तिचा राग आला नाही. तुमचाही आला नाही. गुडघे दुखत होते म्हणून उठता येत नव्हतं, तर तिनेच हात देऊन उठवलं.

डोळे पुसून तिने विचारलं, "दिसायला कशी होती हो?"

हे मला कुणी विचारल्याला किती वर्षं झाली! मी सांगायला लागले. सावळी होती. पुढचे दोन दात नुकतेच पडले होते, म्हणून 'स' नीट म्हणता यायचा नाही. केस कुरळे, तेल लावलं तरी कानामागून बाहेर यायचेच. आणि खोटं बोलायला लागली की तिची एक भुवई आपोआप वर जायची, डावी, आणि लगेच पकडली जायची.

"म्हणजे हवालदारासारखी!" सुनंदा एकदम म्हणाली, आणि मग जीभ चावली.

मी म्हटलं, "हो. तशीच."